लाल रेघ

तालुक्याहून पत्रकांचा गठ्ठा आला ऐन मे महिन्यात.
पारा सेहेचाळीसवर, डांबर चपलेला चिकटतंय,
आणि पहिल्याच ओळीत छापलेलं:
'पाऊस व वितळणारा बर्फ यांमुळे नदीची पातळी वाढल्यास...'
धुडकूअण्णा पारावर हसून हसून खोकले.
आमच्या धामणखेड्यात बर्फ एकच,
रसवंतीवाल्याचा, भुशात, गोणपाटात गुंडाळलेला.
तो वितळला तर फार तर एक कुत्रं भिजेल.

मी कोतवाल. हसायचा पगार मला मिळत नाही.
पत्रकं उलटी केली, कोऱ्या बाजूला यादी मांडली.

कारण आमचंही तसंच आहे.
आमच्यावर लख्ख ऊन असतं, कापूस माना टाकतो,
आणि तिकडे मुलताईच्या बाजूला,
आम्ही कधी न पाहिलेल्या डोंगरांवर
कुणाचं तरी आभाळ फुटतं.
दोन दिवसांनी तापीचा रंग बदलतो,
चहात दूध जास्त पडल्यासारखा.
मग हतनूरचा भोंगा. मग सगळे दरवाजे.
परक्यांचा पाऊस आमच्या चुलीत शिरतो.

मेहमूद तडवीचा ट्रॅक्टर: डिझेल भरून, तोंड टेकडीकडे.
विहिरीचे दोन दोर, चार हमालांनी ओढून पाहिलेले.
रेशनकार्ड, सातबारा, पोरांचे दाखले
केळीच्या घडाला घालतात त्या निळ्या पिशवीत, वर गाठ.
बियाणं शाळेच्या गच्चीवर.
गुरांच्या दाव्याला सरकगाठ,
अंधारात एका ओढीत सुटेल अशी.
हे भागाबाईनं सांगितलं.
तिचा गोऱ्हा त्या साली खुंट्यालाच राहिला.
जास्त बोलली नाही ती.
रात्री कंदील घेऊन गोठ्यागोठ्यात फिरते, गाठी ओढून बघते.

कुणी कुणाला उचलायचं, हा रकाना दोन दिवस रिकामा होता.
शेवटी सुपडूच्या पाठीवर मी यशोदाकाकू लिहिली.
बांधावरून त्यांचा नऊ वर्षं दावा चालू आहे.
दोघांनीही माझ्याकडे पाहिलं,
मग दोघांनीही जमिनीकडे.
केळी कापायला आलेल्या पावऱ्यांच्या झोपड्या
नदीला सगळ्यात जवळ.
ग्रामसेवक म्हणाला, ते इथले नाहीत.
मी नवीन पान घेतलं
आणि यादी त्यांच्यापासून सुरू केली.

रेघेचं काम झिपरू कोळ्याकडे.
डोळे गेलेत म्हाताऱ्याचे, पण पाणी हातात राहिलंय.
भिंतीवर तळवा फिरवत जातो,
एका जागी थांबतो, म्हणतो, आठे.
मागून मी ऑइलपेंटचा डबा घेऊन.
शाळेत रेघ सुविचाराच्या मधून गेली,
दवाखान्यात खिडकीच्या गजांवरून,
सरपंचांच्या नव्या बंगल्यावर थेट दाराच्या वर.
सरपंच म्हणाले, बाबा, जरा खाली घ्या,
प्लॉटचे भाव पडतील.
झिपरूबाबा हसला नाही.
'रेघ खाले लिसू, भो. पन पानीले कोन सांगी?'

शनिवारी सराईत तालीम. मी थाळी वाजवली.
टेकडीवर शेवटचा माणूस पोचायला एक्केचाळीस मिनिटं.
पंचवीस हवीत.
तुळसाबाई कोंबडीसाठी परत फिरली होती,
सुपडूनं काकूला अर्ध्या वाटेत उतरवलं, दम घ्यायला,
आणि दोघं आंब्याखाली बसून बोलत राहिले.
बांधाबद्दलच असावं.
सोमवारी परत.

घरी आले तर माझी पोरगी
आमच्या भिंतीवरच्या ओल्या रेघेखाली उभी,
डोक्यावर पट्टी धरून, पेन्सिलीनं खूण करतेय.
'आई, अजून चार बोटं.'
वेणीच्या टोकाला लाल रंग लागलाय.
ती टाचा उचलते.
मी म्हणते, खाली टेकव पाय. नीट मोज.